रिसेप्टर ओळखणाऱ्या अँटीबॉडी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रयोगशाळेत नव्याने रुजू झालेले विद्यार्थी, एमएस्सीचा प्रकल्प करणारी मुलं आणि हिस्टोपॅथॉलॉजीत स्टेनिंग करणारे तंत्रज्ञ जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात ते इथे एकत्र केले आहेत. रिसेप्टर म्हणजे पेशीला येणारा संदेश धरणारं प्रथिन, आणि अँटीबॉडी म्हणजे ते शोधायला आपण वापरतो ते त्याला चिकटणारं प्रथिन. सगळं वाचायला वेळ नसेल, तर अँटीबॉडीची ऑर्डर देण्याआधी निदान पहिले चार प्रश्न वाचा. चुकीच्या अँटीबॉडीवर उभं राहिलेलं काम नंतर दुरुस्त करता येत नाही, ते पुन्हा करावं लागतं.

रिसेप्टरची अँटीबॉडी निवडणं इतर प्रथिनांपेक्षा अवघड का असतं?

ॲक्टिन किंवा ट्युब्युलिन पेशीत भरपूर असतं. त्याची अँटीबॉडी इतर प्रथिनांना थोडीफार चिकटली, तरी वेस्टर्न ब्लॉटवर (प्रथिनं जेलवर वजनानुसार वेगळी करून अँटीबॉडीने दाखवायची पद्धत) खरा बँड, म्हणजे त्या प्रथिनाचा पट्टा, इतका ठळक येतो की बाकीचं त्यात दबून जातं. रिसेप्टरचं नेमकं उलट आहे. अनेक रिसेप्टरांचे एका पेशीत जेमतेम काही हजार रेणू असतात, काहींचे त्याहूनही कमी. अशा वेळी अँटीबॉडी दुसऱ्या एखाद्या मुबलक प्रथिनाला अगदी सैलपणे चिकटली, तरी ब्लॉटवर तेच प्रथिन उठून दिसतं आणि आपण त्यालाच रिसेप्टर समजतो.

दुसरी अडचण रचनेची. जीपीसीआर (जी-प्रथिनामार्फत संदेश देणारे रिसेप्टर) हा रिसेप्टरांचा सर्वांत मोठा कुटुंबकबिला, माणसात त्यांची सुमारे ८०० जनुकं आहेत. हे प्रथिन पेशीपटलातून सात वेळा आरपार जातं. पेशीबाहेर उरतं ते एक टोक आणि तीन आखूड वळसे. अँटीबॉडीला धरायला एवढीच जागा. शिवाय आल्फा-१ ॲड्रेनर्जिकचे तीन किंवा मस्करिनिकचे पाच उपप्रकार एकमेकांशी इतके मिळतेजुळते असतात की त्यांतला एकच ओळखणारा तुकडा शोधणंही कठीण जातं.

तिसरी अडचण अँटीबॉडी कशी बनवली यातून येते. अख्खा रिसेप्टर शुद्ध स्वरूपात आणि मूळ घडीत मिळवणं सोपं नाही, म्हणून बहुतेक वेळा १५ ते २० अमिनो आम्लांचा कृत्रिम पेप्टाइड सशाला टोचला जातो. सशाने त्या पेप्टाइडविरुद्ध उत्तम अँटीबॉडी दिली, तरी घडी घातलेल्या आणि साखरेच्या साखळ्यांनी झाकलेल्या खऱ्या रिसेप्टरला ती ओळखेलच असं नाही.

डेटाशीटवर ‘वेस्टर्नसाठी तपासलेली’ असं लिहिलंय आणि बँडही योग्य वजनाला दिसतोय. एवढं पुरेसं नाही का?

नाही. या पानावरचं एकच उत्तर लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा.

अँजिओटेन्सिनच्या एटी-१ रिसेप्टरचं उदाहरण घ्या. रक्तदाबावरच्या संशोधनात हा रिसेप्टर केंद्रस्थानी असतो आणि त्याच्या अँटीबॉडी अनेक वर्षं बाजारात विकल्या जात होत्या. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात या अँटीबॉडी साध्या उंदरांच्या आणि एटी-१ चं जनुकच काढून टाकलेल्या उंदरांच्या ऊतींवर लावून पाहिल्या. अपेक्षित ४३ किलोडाल्टनला (किलोडाल्टन हे प्रथिनाच्या वजनाचं एकक) बँड दोन्हींत दिसला, सारखाच. ज्या प्राण्यात रिसेप्टर अस्तित्वातच नाही त्यात तो ‘योग्य वजनाला’ दिसत होता.

एरिथ्रोपॉएटिनच्या रिसेप्टरची गोष्ट याहून गंभीर आहे. कर्करोगाच्या रुग्णांना रक्तक्षयासाठी एरिथ्रोपॉएटिन दिलं जात होतं. गाठीच्या पेशींवरच त्याचा रिसेप्टर असला तर औषधाने गाठ वाढेल का, ही भीती खरी होती. एका लोकप्रिय अँटीबॉडीने अनेक प्रकारच्या गाठींमध्ये भरपूर रिसेप्टर ‘दाखवला’. २००६ मध्ये तपासणी झाली तेव्हा खरा रिसेप्टर ५९ किलोडाल्टनच्या आसपास निघाला, तर ६६ किलोडाल्टनच्या ठळक बँडमध्ये सापडलं हीट शॉक प्रोटीन ७० कुळातलं प्रथिन. हे प्रथिन ताणाखालच्या पेशींत मुबलक असतं आणि गाठीतल्या पेशी बहुधा ताणाखालीच असतात. म्हणजे ती अँटीबॉडी रुग्णांच्या उपचाराशी निगडित प्रश्नाचं उत्तर देत होती आणि ते उत्तर दुसऱ्याच प्रथिनाचं होतं.

२००९ हे वर्ष तर या विषयात काम करणाऱ्यांनी विसरू नये असं आहे. ॲड्रेनर्जिक, मस्करिनिक आणि डोपामिन रिसेप्टरांच्या बाजारातल्या अँटीबॉडी त्या वर्षी एकापाठोपाठ एक तपासल्या गेल्या. आल्फा-१ ॲड्रेनर्जिक उपप्रकारांच्या दहा अँटीबॉडींपैकी दहाही अविशिष्ट निघाल्या.

मग अँटीबॉडी खरी आहे हे सिद्ध कसं करायचं?

सर्वांत भक्कम पुरावा म्हणजे ज्यात रिसेप्टर नाही असा नमुना. क्रिस्परने (जनुक कापायच्या तंत्राने) जनुक बाद केलेल्या, म्हणजे नॉकआउट, पेशी आणि मूळ पेशी शेजारी शेजारी चालवा. बँड किंवा सिग्नल नॉकआउटमध्ये पूर्ण गेला, तर अँटीबॉडीवर विश्वास ठेवायला जागा आहे. नुसता कमी झाला तर मात्र शंका धरा. एसआयआरएनएने (जनुकाचा संदेश अडवणाऱ्या छोट्या आरएनएने) रिसेप्टर दाबून पाहणं स्वस्त पडतं, पण त्यात रिसेप्टर संपत नाही, घटतो, म्हणून निकाल वाचताना हात आखडता घ्या.

नॉकआउट मिळणं शक्य नसेल तर इतर वाटा आहेत. २०१६ मध्ये संशोधकांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने पाच आधार सुचवले. पहिला जनुकीय, म्हणजे वरचाच. दुसऱ्यात अँटीबॉडीशी संबंध नसलेल्या पद्धतीने तेच मोजायचं, उदाहरणार्थ वेगवेगळ्या पेशींतला आरएनए किंवा मास स्पेक्ट्रोमेट्री (तुकड्यांच्या वजनावरून प्रथिन ओळखायची पद्धत). तिसऱ्यात त्याच रिसेप्टरच्या दुसऱ्या भागाला ओळखणारी स्वतंत्र अँटीबॉडी लावून चित्र जुळतं का ते बघायचं. चौथ्यात टॅग (ओळखीची खूण म्हणून जोडलेला तुकडा) लावलेला रिसेप्टर पेशीत घालून टॅगचा आणि अँटीबॉडीचा सिग्नल ताडून पाहायचा. पाचव्यात अँटीबॉडीने खेचून काढलेलं प्रथिन मास स्पेक्ट्रोमेट्रीने ओळखायचं.

रिसेप्टरवाल्यांकडे यात एक हुकमी साधन जास्तीचं आहे, ते म्हणजे रेडिओलिगंड बाइंडिंग. लिगंड म्हणजे रिसेप्टरवर बसणारा रेणू. किरणोत्सारी लिगंड रिसेप्टरला खऱ्या अर्थाने बांधला जातो आणि त्यावरून रिसेप्टरची संख्या निघते. लिगंडने शून्य दाखवलेल्या ऊतीत अँटीबॉडी गडद रंग देत असेल, तर खोटं कोण बोलतंय हे सांगायला नको. ही पद्धत जुनी म्हणून अनेक प्रयोगशाळांनी गुंडाळून ठेवली आहे. माझ्या मते ती पुन्हा शिकण्यासारखी आहे.

टॅगवाल्या प्रयोगाबाबत एक इशारा. कृत्रिमरीत्या भरमसाट रिसेप्टर घातलेल्या पेशीत अँटीबॉडी चालली, याचा अर्थ ती रिसेप्टरला ओळखू शकते एवढाच. तुमच्या ऊतीत, जिथे रिसेप्टर तुरळक आहे, तिथे ती फक्त त्यालाच ओळखेल हे त्यातून सिद्ध होत नाही.

पेप्टाइडने ब्लॉक केल्यावर बँड गेला. हा पुरावा का चालत नाही?

हा गैरसमज फार खोलवर रुजलेला आहे आणि अजूनही प्रबंधांत दिसतो. अँटीबॉडीत आधीच पेप्टाइड मिसळला की तिच्या बांधणीच्या जागा भरून जातात. त्यानंतर ती खऱ्या रिसेप्टरलाही चिकटत नाही आणि चुकीच्या प्रथिनालाही चिकटत नाही. हातातली किल्लीच काढून घेतली तर स्वतःच्या घराचं कुलूपही उघडणार नाही आणि शेजाऱ्याचंही. ती किल्ली फक्त आपल्याच कुलपाची होती, हे त्यावरून कसं ठरवणार? त्या पेप्टाइडविरुद्ध तयार झालेल्या अँटीबॉडीमुळेच बँड आला होता, इतकंच या प्रयोगातून कळतं. एरिथ्रोपॉएटिन रिसेप्टरच्या बाबतीत तर हीट शॉक प्रोटीनमध्ये त्या पेप्टाइडशी जुळणारा क्रम असल्यामुळेच सगळा घोळ झाला होता. पेप्टाइडने तो बँडही गेलाच असता.

मोनोक्लोनल घेऊ की पॉलिक्लोनल?

मोनोक्लोनल म्हणजे एकाच पेशीच्या वंशातून आलेली एकसारखी अँटीबॉडी, पॉलिक्लोनल म्हणजे प्राण्याच्या सीरममधलं अनेक अँटीबॉडींचं मिश्रण. आज निवड करता येत असेल तर रिकॉम्बिनंट, म्हणजे माहीत असलेल्या डीएनए क्रमावरून बनवलेली, घ्या.

थोडं मागे जाऊन सांगतो. १९७५ मध्ये केंब्रिजमध्ये ग्योर्ग क्योहलर आणि सेसार मिलस्टाइन यांनी अँटीबॉडी बनवणारी पेशी मायलोमाच्या पेशीशी जोडून हायब्रिडोमा तयार केला. त्यामुळे एकाच प्रकारची अँटीबॉडी वर्षानुवर्षं मिळवता येऊ लागली. या कामाला १९८४ चं नोबेल मिळालं, नील्स येर्ने यांच्यासोबत. त्याआधी सगळा भर प्राण्याच्या सीरमवर होता. एक ससा गेला की दुसरा ससा वेगळी अँटीबॉडी देणार, हे ठरलेलं. पॉलिक्लोनलची ती अडचण आजही आहे. लॉट (उत्पादनाची खेप) बदलला की अँटीबॉडी बदलली असं समजूनच चालावं.

पण हायब्रिडोमाही अमर नसतात. ते जनुकं गमावतात, कधी मरतात, कधी दोन वेगळ्या साखळ्या बनवू लागतात. रिकॉम्बिनंट अँटीबॉडीचा डीएनए क्रम माहीत असतो, त्यामुळे दहा वर्षांनीही तीच वस्तू मिळते. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या तपासणीत ६५ प्रथिनांसाठीच्या ६१४ अँटीबॉडी नॉकआउट पेशींवर लावल्या गेल्या. निम्म्याहून अधिक अँटीबॉडी कुठल्या ना कुठल्या वापरात नापास झाल्या आणि रिकॉम्बिनंट गट इतरांपेक्षा सरस ठरला. त्यातली दिलासा देणारी बाब अशी की बहुतेक प्रथिनांसाठी निदान एक चांगली अँटीबॉडी उपलब्ध होती. शोधायची तयारी हवी.

पॉलिक्लोनलला सरसकट टाकाऊ म्हणणं मात्र बरोबर नाही. सेकंडरी अँटीबॉडी (पहिल्या अँटीबॉडीला चिकटून सिग्नल देणारी) म्हणून ती उत्तम काम देते, कारण तिथे अनेक जागी चिकटून सिग्नल वाढवणं हेच अपेक्षित असतं.

जिवंत पेशींवर फ्लो सायटोमेट्री (एकेका पेशीवरचा सिग्नल मोजणं) करायची आहे. वेस्टर्नमध्ये चाललेली अँटीबॉडी वापरू का?

आधी तिचा एपिटोप, म्हणजे रिसेप्टरचा ती जिथे चिकटते तो भाग, कुठे आहे ते बघा. रिसेप्टरच्या पेशीआतल्या शेपटीविरुद्ध बनवलेली अँटीबॉडी जिवंत, अखंड पेशीत शिरूच शकत नाही. अशा अँटीबॉडीने पृष्ठभागावर सिग्नल दाखवला, तर तो मेलेल्या पेशींमधून येतोय असा संशय घ्या. फ्लोसाठी बाहेरच्या भागाला आणि मूळ घडीला ओळखणारी अँटीबॉडी लागते. वेस्टर्नमध्ये प्रथिन उलगडलेलं असतं, फ्लोमध्ये घडी घातलेलं. एकीकडे चालली म्हणून दुसरीकडे चालेल, ही अपेक्षा धरू नका.

पेशी प्लेटवरून सोडवताना ट्रिप्सिन जपून वापरा. ट्रिप्सिन पेशीला प्लेटवरून सोडवतं तसंच काही रिसेप्टरांचा बाहेरचा भागही कापतं. ईडीटीएने सुटत असतील तर उत्तम. स्टेनिंग बर्फावर आणि सोडियम ॲझाइड घालून करा, नाहीतर अँटीबॉडी चिकटल्यावर पेशी रिसेप्टर आत ओढून घेते आणि पृष्ठभागावरची संख्या कमी भासते. मात्र ते ॲझाइड एचआरपी (सिग्नल देणारं एन्झाइम) लावलेल्या अँटीबॉडीजवळही नेऊ नका, त्याने एन्झाइम बंद पडतं.

मोनोसाइट, मॅक्रोफेज आणि बी पेशींवर एफसी रिसेप्टर असतात. ते कुठल्याही अँटीबॉडीचं बूड पकडून ठेवतात, म्हणून आधी एफसी ब्लॉक करा. मेलेल्या पेशी सगळ्यालाच चिकटतात, म्हणून व्हायेबिलिटी डाय (मेलेल्या पेशी वेगळ्या दाखवणारा रंग) हवाच. आयसोटाइप कंट्रोल (त्याच प्रकारची, पण रिसेप्टर न ओळखणारी अँटीबॉडी) लावा, पण त्यावर गेट, म्हणजे पॉझिटिव्ह-निगेटिव्हची सीमा, ठरवू नका. गेटसाठी एफएमओ (एक रंग वगळून बाकी सगळे लावलेला नमुना) आणि रिसेप्टर नसलेल्या पेशी जास्त भरवशाच्या.

रुग्णाचा नमुना असेल तर त्याला कोणतं औषध चालू आहे ते विचारा. स्तनाच्या कर्करोगावरचं ट्रास्टुझुमॅब हे औषध म्हणजे स्वतःच हर-टू या रिसेप्टरवर बसणारी अँटीबॉडी आहे. तिने जागा अडवली असेल, तर त्याच जागेवर बसणाऱ्या तुमच्या अँटीबॉडीला हर-टू ‘नाही’ असं दिसेल.

माझा जीपीसीआर जेलच्या वरच्या टोकाला डाग होऊन अडकतो. का?

नमुना ९५ अंशांना उकळला असेल. पटलात अनेकदा आरपार जाणारी प्रथिनं उकळल्यावर एकमेकांना चिकटून गोळा होतात आणि जेलमध्ये शिरत नाहीत. ३७ अंशांवर अर्धा तास ठेवून पाहा. आधी पटलाचा भाग वेगळा करून घेतला तर तुरळक रिसेप्टरही दिसू लागतो. पटलासाठी लोडिंग कंट्रोल (प्रत्येक रांगेत सारखंच प्रथिन भरलंय हे दाखवणारं प्रथिन) म्हणून सोडियम-पोटॅशियम एटीपेज वापरत असाल तर तेही उकळल्यावर असंच बिघडतं.

बँड हिशेबापेक्षा बराच वर येतो. अँटीबॉडी चुकीची का?

तसं असेलच असं नाही. ईजीएफआर या वाढीचा संदेश घेणाऱ्या रिसेप्टरचं प्रथिन हिशेबाने सुमारे १३० किलोडाल्टनचं, पण जेलवर ते १७० च्या आसपास येतं, कारण त्यावर साखरेच्या साखळ्या असतात. पीएनजीएज-एफ हे एन्झाइम लावून बघा. साखळ्या तुटून बँड खाली आला, तर तो ग्लायकोप्रोटीनचा आहे हे नक्की. तो तुमच्याच रिसेप्टरचा आहे का, याचं उत्तर पुन्हा नॉकआउटच देईल.

स्तनाच्या कर्करोगात ईआर (इस्ट्रोजेनचा रिसेप्टर), पीआर (प्रोजेस्टेरॉनचा रिसेप्टर), हर-टू याच अँटीबॉडींवर उपचार ठरतात. मग त्या इतक्या विश्वासू कशा?

कारण तिथे अँटीबॉडीसोबत सगळी प्रक्रिया बांधून घेतलेली आहे. हर-टूची अँटीबॉडीवर आधारलेली चाचणी १९९८ मध्ये अमेरिकेत ट्रास्टुझुमॅबच्या सोबतच मंजूर झाली. ठरलेला क्लोन (एकाच वंशातली अँटीबॉडी), ठरलेलं मशीन, ठरलेली गुणपद्धत आणि प्रत्येक बॅचला ज्ञात नमुने. हर-टूला ०, १+, २+, ३+ असे गुण देतात. दहा टक्क्यांहून अधिक पेशींत पटलाभोवती पूर्ण आणि गडद रंग असेल तर ३+. २+ म्हणजे अनिर्णित, तिथे जनुकाच्या प्रती मोजणारी फिश चाचणी लागते. २०२२ मध्ये ‘हर-टू लो’, म्हणजे हर-टू थोडाच असलेल्या, गाठींसाठी ट्रास्टुझुमॅब डेरक्स्टेकॅन हे औषध मंजूर झाल्यापासून ० आणि १+ यांतला फरकही रुग्णासाठी मोलाचा झाला. ही चाचणी मुळात भरपूर हर-टू शोधायला बनवली होती. आता तिच्याकडून फिक्या रंगातला बारीक फरक मागितला जातोय, आणि ते खरोखर कठीण काम आहे.

ईआर हा केंद्रकातला रिसेप्टर. रंग केंद्रकात हवा, सायटोप्लाझममधला धरायचा नाही. एक टक्का पेशी रंगल्या तरी पॉझिटिव्ह, आणि २०२० च्या मार्गदर्शक सूचनांपासून एक ते दहा टक्क्यांना ‘लो पॉझिटिव्ह’ असं वेगळं नोंदवतात.

इथे अँटीबॉडीपेक्षाही फॉर्मॅलिन महत्त्वाचं ठरतं. गाठ काढल्यावर तासाभरात १० टक्के बफर्ड फॉर्मॅलिनमध्ये जायला हवी आणि तिथे ६ ते ७२ तास राहायला हवी. तालुक्याच्या ठिकाणी शस्त्रक्रिया होते, गाठ बरणीतून मुंबई-पुण्याच्या लॅबकडे निघते, मध्ये शनिवार-रविवार येतो. बरणीत फॉर्मॅलिन पुरेसं नसेल किंवा अख्खी गाठ न कापता टाकली असेल, तर आतला भाग फिक्स होण्याआधीच खराब होतो आणि ईआर खोटा निगेटिव्ह येऊ शकतो. असा निकाल आलेल्या बाईला टॅमॉक्सिफेन (ईआर अडवणारं औषध) मिळतच नाही. म्हणून बरणीवर गाठ काढल्याची आणि फॉर्मॅलिनमध्ये टाकल्याची वेळ लिहा, असा आग्रह प्रत्येक लॅबने धरायला हवा. स्लाइडवर शेजारच्या निरोगी नलिका रंगल्या आहेत का तेही पाहा. त्याच रंगल्या नसतील तर गाठीच्या निगेटिव्हवर सही करू नका.

जुन्या, नावाजलेल्या पेपरमध्ये वापरलेली अँटीबॉडीच घेतली तर?

ईआर-बीटाची (इस्ट्रोजेनच्या दुसऱ्या रिसेप्टरची) हकीकत वाचल्यावर ठरवा. हा रिसेप्टर १९९६ मध्ये सापडला आणि पुढची वीस वर्षं तो स्तनात आहे की नाही यावर परस्परविरोधी निष्कर्ष येत राहिले. २०१७ मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांनी १३ अँटीबॉडी तपासल्या. विशिष्ट निघाली एकच, आणि तीही फारशी कुणी वापरत नव्हतं. तिने पाहिल्यावर रिसेप्टर वृषणात आणि अंडाशयात दिसला, निरोगी स्तनात दिसला नाही. पेपरमधला वापर हा शोधाचा आरंभबिंदू म्हणून घ्या, प्रमाणपत्र म्हणून नको.

कंट्रोल पेशी कुठून आणू?

ईजीएफआरसाठी ए-४३१, हर-टूसाठी एसके-बीआर-३, ईआरसाठी एमसीएफ-७ आणि हर-टू व ईआर दोन्हींच्या निगेटिव्हसाठी एमडीए-एमबी-२३१ ही नेहमीची नावं. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात पेशींचं भांडार आहे, तिथे चौकशी करा. शेजारच्या प्रयोगशाळेतून आणलेल्या फ्लास्कवर विसंबू नका. एसटीआर चाचणी (डीएनएवरून पेशींची ओळख पटवणारी) आणि मायकोप्लाझ्मा (पेशींत नकळत वाढणारे जिवाणू) तपासणी करूनच पेशी कंट्रोल म्हणून धरा.

साठवण कशी करू?

आल्याबरोबर छोट्या भागांत वाटून उणे २० अंशांवर. आपोआप बर्फ वितळवणारा फ्रीजर नको, त्यात तापमान वरखाली होत राहतं. पीई आणि एपीसी (चमकणारे रंग) लावलेल्या अँटीबॉडी कधीही गोठवायच्या नाहीत, २ ते ८ अंशांवर अंधारात ठेवायच्या. एप्रिल-मे मध्ये पार्सल आलं तर आइस पॅक अजून गार आहेत का ते बघून फोटो काढून ठेवा.

नॅनोबॉडीचा उपयोग होतो का?

होतो, आणि रिसेप्टरसाठी विशेष. उंटकुळातल्या प्राण्यांत हलक्या साखळीविना अँटीबॉडी असतात, हे १९९३ मध्ये ब्रसेल्समधल्या गटाने दाखवलं. त्यांचा बांधणी करणारा तुकडा, म्हणजेच नॅनोबॉडी, सुमारे १५ किलोडाल्टनचा असतो, नेहमीच्या १५० किलोडाल्टनच्या अँटीबॉडीच्या दहावा भाग. तो रिसेप्टरच्या खोबणीत शिरू शकतो. बीटा-२ ॲड्रेनर्जिक रिसेप्टरची सक्रिय अवस्था २०११ मध्ये अशाच एका नॅनोबॉडीने धरून ठेवली आणि तिची रचना टिपता आली.

पेपरमध्ये अँटीबॉडीबद्दल काय काय लिहायचं?

कंपनी, कॅटलॉग क्रमांक, क्लोन, लॉट, आरआरआयडी (अँटीबॉडीचा कायमचा ओळख क्रमांक), सौम्यीकरण आणि तुम्ही स्वतः कोणत्या कंट्रोलवर तपासली ते. ‘१:१०००’ इतकंच लिहून उपयोग नाही, मूळ बाटलीतलं प्रमाण लॉटनुसार बदलतं. मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर द्या. ब्लॉट कापून न लावता पूर्ण पुरवणीत जोडा.

अँटीबॉडी नापास झाली तर कंपनीला कळवून काही होतं का?

होतं. वर सांगितलेल्या २०२३ च्या तपासणीनंतर कंपन्यांनी नापास अँटीबॉडींपैकी निम्म्याहून अधिक पुन्हा तपासल्या. काहींच्या वापराच्या सूचना बदलल्या, काही बाजारातून काढल्या. तक्रार पाठवताना लॉट क्रमांक, नॉकआउट आणि मूळ पेशींचा न कापलेला ब्लॉट, नमुना कसा तयार केला आणि अँटीबॉडी किती तापमानाला किती दिवस होती हे सगळं द्या. पैसे परत मागा किंवा दुसरा क्लोन मागा. तोच ब्लॉट प्रीप्रिंट म्हणूनही टाका, म्हणजे त्याच कॅटलॉग क्रमांकावर बोट ठेवून ऑर्डर द्यायला निघालेल्या दुसऱ्या विद्यार्थ्याला तो आधीच सापडेल.